मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० चं ऑईल प्रेशर कमी, खालून ठोक्याचा आवाज. चेंबर (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) खोलू की इंजिनच उतरवू?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरचा आहे, गाडी मारुती ८००, १९९९ ची कार्बोरेटरवाली, वडिलांनी नवी घेतलेली आणि तेव्हापासून घरातच. इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही. आता झालंय असं की गाडी चांगली गरम झाली की आयडलवर ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो, आणि इंजिनच्या खालच्या बाजूनं ठोके ऐकू येतात. सकाळी थंड इंजिनला दिवाही नाही आणि आवाजही जवळपास नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते पन्हाळ्याहून परत येताना, घाट उतरून शिवाजी पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा. आता गावातल्या गावात फिरलं तरी होतंय.

आतापर्यंत काय काय तपासलं ते सगळं सांगतो म्हणजे तेच तेच परत सुचवायला नको. लेव्हल बरोबर आहे. ऑईल बदललं, फिल्टर चांगला टाकला, फरक शून्य. ऑईलमध्ये पेट्रोल उतरतंय का ते पण बघितलं, कारण या गाडीला मेकॅनिकल फ्युएल पंप आहे आणि त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट ऑईलमध्ये जातं, ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि डिपस्टिकवरची लेव्हल उलट वाढते. तसं काही नाही, वासही नाही. मग ऑईल प्रेशर स्विच नवा टाकला, दिवा तसाच.

या गाडीला मीटर नाही, नुसता दिवा, आणि दिवा पेटतो तो प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच. म्हणजे दिवा विझलाय म्हणून प्रेशर चांगलं आहे असं अजिबात नाही. म्हणून स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावला (अडॅप्टर शोधायलाच जास्त वेळ गेला, शेवटी उद्यमनगरात मिळाला). थंड इंजिनला आयडलवर ४० पीएसआयच्या वर. पूर्ण गरम झाल्यावर आयडलला ६-७. गरम असतानाच ३००० आरपीएमच्या आसपास धरलं तर काटा २० ला जाऊन तिथंच बसतो, पुढं हलत नाही. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ हिशोब धरला तरी तिथं किमान ३० पाहिजे. म्हणजे दिवा खोटं सांगत नाहीये.

आता आवाजाचं. टॅपेटची टकटक मला ओळखता येते, ती वरून येते, बारीक असते. हा आवाज जड आहे, लाकडावर मोगरी मारल्यासारखा, आणि चेंबरच्या बाजूनं येतो. टॉप गिअरला चाळीस-पन्नासच्या स्पीडला ॲक्सिलरेटर हलकासा सोडला की जास्त स्पष्ट. चढाला लोडवर पिंगिंग (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटल्यानं होणारी खणखण) होतं तसला नाही हा, टायमिंग तपासून घेतलंय. पिस्टन ढिला असता तर सकाळी थंडीत जास्त वाजून गरम झाल्यावर कमी व्हायला पाहिजे होता, इथं बरोब्बर उलटं आहे. मग इन्सुलेटेड पक्कडीनं एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिल्या आणि तिसऱ्याला काही फरक नाही, मधल्या सिलिंडरची काढली की आवाज निम्म्यावर येतो. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं तरी मधल्याच्या खालीच जास्त लागतो. माझ्या मते दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बिगएंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलंय.

जुना फिल्टर पाईप कटरनं कापला. हॅकसॉ मुद्दाम वापरली नाही, तिचाच लोखंडी चुरा आत पडतो आणि मग काय कुठलं आहे कळत नाही. आतला घडीचा कागद सोडवून वर्तमानपत्रावर पसरला, ऑईल निथळू दिलं आणि उन्हात नेऊन बघितला. घड्यांच्या तळाशी चंदेरी बारीक पापुद्रे, नखानं दाबले की वाकणारे, एक-दोन तांबूस. लोहचुंबक फिरवला तर एकही उचलला गेला नाही. लोखंड नाही म्हणजे क्रँक किंवा कॅम घासून पडलेला चुरा नाही, बेअरिंगचाच मऊ धातू असणार असं मला वाटतंय. कुणाला याचा अनुभव असेल तर नक्की सांगा.

गॅरेजवाल्यांचं म्हणाल तर एकानं २० डब्ल्यू ५० ऑईल आणि वर घट्ट करणारं ॲडिटिव्ह टाका म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला पंप बदला, तिसऱ्यानं ऐकून न घेताच सेकंडहँड इंजिन बसवू म्हटलं. घट्ट ऑईलनं दिवा विझेल हो, पण पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑईल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या फटीतून ऑईलला अडवणूक होते म्हणून. नव्या इंजिनात ही फट मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांश एवढीच असते. ती वाढली की गरम पातळ ऑईल सरळ निसटून जातं. घट्ट ऑईल टाकलं तरी फट तेवढीच राहणार आणि ठोकाही राहणारच. आणि असंच पळवत राहिलो तर एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. दुसऱ्या इंजिनाचा तर विचारच नको वाटतो, त्याच्या आत काय आहे कुणाला माहीत, वर आरसी बुकावर नंबर चढवायला आरटीओत चकरा.

तर विचारायचंय ते हे. गाडीवरच एक्झॉस्ट पाईप सोडवून चेंबर उतरवता येतं असं एक वयस्कर मेस्त्री म्हणाले, कुणी ८०० ला केलंय का? तसं झालं तर बिगएंड कॅप खोलून जर्नल (क्रँकवरचा गोल भाग, ज्यावर हे बेअरिंग बसतं) बघता येईल, पिकअपची (पंप ऑईल ओढतो तिथली) जाळी कचऱ्यानं भरलीय का तेही कळेल. जर्नल गुळगुळीत आणि गोल असेल तर नुसते स्टँडर्ड शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) टाकून चालतं का? का ठोका मारलेलं जर्नल हमखास अंडाकृती झालेलं असतं आणि क्रँक ग्राइंडिंगला पाव किंवा अर्धा मिलिमीटर काढावंच लागतं? कारण ते करायचं तर इंजिन उतरवणं आलंच, मग मेन बेअरिंग, ऑईल पंप, रिंगा सगळं एकदमच केलेलं बरं.

अपडेट: उत्तरं दिलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) अडकला असेल असं दोघांनी लिहिलंय, मुद्दा बरोबर आहे, पण तो उघडा अडकला असता तर थंडीतही ४० आलं नसतं असं मला वाटतं. तरी खोलल्यावर बघणारच. गाडी तोपर्यंत शेडमध्ये उभी आहे, स्टार्टसुद्धा करत नाही. रविवारी चेंबर उतरवायचं ठरलंय, मायक्रोमीटर मिळालाय, प्लास्टिगेज (बेअरिंगची फट मोजायची प्लास्टिकची बारीक दोरी) कोल्हापुरात कुठं मिळतं ते कुणी सांगेल का? आणि उद्यमनगरात ८०० चा क्रँक ग्राइंड करून घेतलेला कुणी इथं असेल तर जर्नलचं माप मशीनवाल्यानं काम करायच्या आधी आणि नंतर तुमच्यासमोर घेतलं का, तेवढं लिहा.