बायपासनंतर आई गोळ्या घ्यायला तयार नाही

नाशिककर: आईची गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायची जठराची शस्त्रक्रिया) होऊन वर्ष झालं. वजन ११८ वरून ८२. पण हिमोग्लोबिन ९, पायांना मुंग्या. म्हणते, "भाकरी-भाजी नीट खाते, गोळ्या कशाला?"

सुगरण_ताई: माझीही झालीय. काकूंना सांगा, अन्न आता जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात टाळून जातं. लोह-कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जायचं. मेथी कितीही खा! गोळ्या जन्मभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहावर चहा नको. (हे मला सगळ्यात जड गेलं.)

डॉक्टरीण: मुंग्या अंगावर काढू नका. बी१२, थायमिन (जीवनसत्त्व बी१) तपासा. उलट्या होतात का?

नाशिककर: नाही. उद्याच रक्त देतो. घरात कॅल्शियम कार्बोनेट आहे, चालेल?

सुगरण_ताई: कॅल्शियम सायट्रेटचं विचारा, ते शोषायला जठरातलं आम्ल लागत नाही.