थर्मल कॅमेऱ्याने फिटचं काही कळतं का?

पॅनलवाला
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण विचारतोच. मी चाकणला मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे थर्मल कॅमेरा आहे, महिन्यातून एकदा सगळे विजेचे पॅनल त्याने बघायचे, कुठे जॉइंट लूज असला की तो तापतो आणि स्क्रीनवर पांढरा दिसतो. आता माझ्या धाकट्या भावाला १४ वर्षांचा असल्यापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत, वर्षातून दोन-तीनदा तरी येतेच. आई कायम म्हणते की याचे हात बर्फासारखे झाले की समजायचं आज काहीतरी होणार. मागच्या शनिवारी साहेबांना विचारून कॅमेरा घरी आणला आणि रविवारी भावाचे फोटो काढले. तर उजव्या हाताची बोटं २८ आणि डाव्या हाताची ३१! बसल्या जागी ३ डिग्रीचा फरक, त्या दिवशी फिट वगैरे काही नाही. मेंदूच्या एका बाजूला प्रॉब्लेम असेल तर शरीराची एक बाजू थंड पडते का? परदेशात फिटवाल्या पेशंटवर असं रिसर्च करतात असं वाचलं म्हणून विचारतोय, घरात अजून कोणाला बोललो नाही.

ईईजीवाली
दादा, मी बारा वर्षं ईईजी (डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींचा आलेख) काढतेय, डॉक्टर नाही, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगते. आईचं म्हणणं अजिबात उडवून लावू नका. मेंदूच्या आत जो भाग नाडी, घाम, रक्तवाहिन्या सांभाळतो तिथेच फिट सुरू झाली किंवा तिथवर पसरली तर आधी झटके दिसतच नाहीत. माणूस पांढरा पडतो नाहीतर लाल होतो, पोटातून काहीतरी वर येतंय म्हणतो, कुणाला थंडी वाजून काटा येतो, एका पेशंटला तर फक्त एकाच हातावर काटा यायचा. व्हिडिओ ईईजी करताना ईसीजीची लीड लावलेली असते, त्यात नाडी धाडकन वाढलेली दिसते, कधी कधी तर पेशंट अजून शांतपणे पेपर वाचत असतो. म्हणजे हात गार पडणं हा फिटचाच पहिला भाग असू शकतो. पण किती वेळ आधी गार पडतात ते आईला नीट विचारा. मिनिटभर आधी की सकाळपासून? दोन्हींत फार फरक आहे. आणि वहीत असेही दिवस लिहा जेव्हा हात गार होते आणि फिट आली नाही. ते दिवस कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

निळी_शाई
बायोमेडिकलमध्ये पीएचडी करतेय, रोज हाच कॅमेरा हातात असतो म्हणून जरा लांबण लावते.

पॅनलमध्ये लूज जॉइंट स्वतः तापतो म्हणून तो दिसतो. मेंदूचं तसं नाही, वर कवटी आहे, कातडी आहे, आतली गरमी तशी बाहेर येत नाही. कॅमेऱ्याला दिसतं ते फक्त कातडीखालून किती रक्त वाहतंय ते. बोटं आणि नाकाचा शेंडा तर यात सगळ्यात चंचल, तिथे रक्ताच्या शॉर्टकट नळ्या असतात आणि टेन्शन आलं, चहा घेतला, सिगरेट ओढली, पंख्याखाली बसलं की त्या बंद-चालू होत राहतात. परीक्षेला बसलेल्या कुणाचेही हात बघा, गार. म्हणून एका फोटोवरून फिटचा अंदाज बांधता येत नाही. कपाळ त्यामानाने स्थिर असतं.

दुसरं, तुमच्या कॅमेऱ्याच्या मागे बहुतेक अधिक-उणे २ डिग्री लिहिलेलं असेल. एकाच फोटोतला बारीक फरक तो छान दाखवतो, पण आजचा ३१ आणि उद्याचा ३१ एकच असेल असं नाही. एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा, किती सेट केली होती? कातडीला ०.९८ लागते. तांब्याच्या बसबारवर तुम्ही काळी टेप लावून रीडिंग घेता ना, तोच विषय. आम्ही माणसाला आधी १५-२० मिनिटं नुसतं बसवून ठेवतो, एसी अंगावर येणार नाही असं, हातात काही नाही, अंगाला क्रीम नाही. निरोगी माणसात डाव्या-उजव्या बाजूत सरासरी पाव डिग्रीच्या आसपास फरक असतो, त्यामुळे तुमचे ३ मला जास्तच वाटतात. फोटोच्या आधी त्याच्या हातात काय होतं?

रिसर्च होतो, पण अडचणी खूप. फिट सांगून येत नाही, रात्री आली तर माणूस गोधडीत आणि हा कॅमेरा चादरीतून बघू शकत नाही, काचेतूनही नाही. म्हणून लोक मनगटावरच्या घड्याळांकडे वळले, ती घाम आणि हालचाल पकडतात. एम्ब्रेस नावाच्या घड्याळाला अमेरिकेत २०१८ मध्ये एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) परवानगी मिळाली. तेही मोठी फिट चालू झाल्यावर सांगतं, आधी नाही.

सातारकर_बाबा
कॅमेऱ्यातलं मला कळत नाही पण तापमानावरून आठवलं म्हणून लिहितो. मुलीला टोपिरामेट ही फिटची गोळी चालू होती, एप्रिलमध्ये शाळेतून आली तर तोंड लालबुंद, अंग तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही! बाकीची पोरं घामाने निथळत होती. आम्ही ताप समजून पॅरासिटामॉल देत बसलो. नंतर डॉक्टर म्हणाले की या गोळीने काही मुलांना घामच येत नाही, झोनिसामाइड या दुसऱ्या फिटच्या गोळीनेही होतं. तुमच्या भावाला यातलं काही चालू असेल तर उन्हाळ्यात लक्ष ठेवा, साधा थर्मामीटर पुरतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

धारवाडची_माई
आमच्याकडे कर्नाटकात तर गरम पाण्यानेच फिट येते, खोटं वाटेल पण खरं आहे. माझ्या नणंदेच्या मुलाला न्हायला घालताना तांब्या तांब्या कढत पाणी डोक्यावर ओतलं की डोळे फिरायचे. घरच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, सगळं झालं. मग बेंगळुरूला निमहान्स या मेंदूच्या हॉस्पिटलला नेलं, तिथे याला हॉट वॉटर एपिलेप्सी म्हणतात, मैसूरकडे असे पेशंट बरेच आहेत. पाणी कोमट, डोकं वेगळं धुवायचं आणि न्हायच्या आधी क्लोबाझामची फिटची गोळी, एवढ्यावर आता ठीक आहे. तुमच्या भावाला अंघोळीत कधी आली का ते आठवून बघा.

पॅनलवाला
सगळ्यांचे आभार. अंघोळीत कधीच नाही. गोळी लेव्हेटिरासेटाम आहे, म्हणजे घामाचं टेन्शन नाही बहुतेक.

@निळी_शाई ताई, एमिसिव्हिटी ०.९५ वरच होती, पॅनलची सेटिंग तशीच राहिली. आणि हातात काय होतं ते आईला विचारलं. ती म्हणे, तू कॅमेरा काढत होतास तेव्हा तो फ्रीजमधली बाटली घेऊन उभा होता की. उजव्या हातात. 🤦

@ईईजीवाली ताई, आई म्हणते पाच-दहा मिनिटं आधी, आणि तेव्हा तो गप्प होऊन ओठ चाटत बसतो. हे तिने डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, कारण कोणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, आईलाच सोबत नेतो.

ईईजीवाली
ओठ चाटतो?? तोही फिटचाच भाग असू शकतो, हे वहीत पहिलं लिहा. आणि पुढच्या वेळी सुरू झालं की मोबाईलवर साधा व्हिडिओ काढा, पण आधी त्याला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ बघा, झटके ५ मिनिटांच्या वर गेले तर सरळ हॉस्पिटल. कॅमेरा कंपनीत परत करा.