मदत हवी आहे: सामाईक वारसांचं घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. संगमेश्वरकडे गावठाणातलं एक जुनं चिरेबंदी घर विकायला आहे. मूळ मालक वारले, आता तीन मुलगे, दोन मुली. मधल्याला पैशांची फार निकड आहे, तो म्हणतो, "माझा हिस्सा तुम्ही घ्या, बाकीच्यांचं मी बघतो." भाव बाजारापेक्षा बराच कमी सांगतोय, आणि तेच मला खटकतंय.

घराच्या उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. वारस नोंद झालेलीच नाही! शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार एका वारसाने हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. आणि राहत्या घराचा अविभक्त (वाटप न झालेला) हिस्सा परक्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला सामाईक ताबा मिळू देत नाही. म्हणजे पैसे देऊन घर नाही, तर वाटपाचा कोर्टातला दावाच विकत घ्यायचा की काय?

त्या भावंडांतली धाकटी बहीण दुबईत असते. तिचं कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने सही करायचा अधिकार) तिथल्या भारतीय वाणिज्य वकिलातीतून करून आणलं, तर इथे पुढे काय सोपस्कार लागतात? आधी बहिणींची हक्कसोडपत्रं घ्यायला लावावीत, की पाचही जणांच्या सह्यांचं एकच खरेदीखत बरं? बयाणा किती द्यावा? रत्नागिरी भागात असा व्यवहार केलेल्यांनी कृपया सांगा.