पीएसए पट्टी: कमी पातळीला रेघच नाही, जास्त पातळीला फिकी

प्रश्न: प्रोस्टेट कॅन्सरच्या प्राथमिक चाचणीसाठी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीचं प्रथिन) ओळखणारी नायट्रोसेल्युलोजची (द्रव शोषून पुढे नेणाऱ्या पडद्याची) पट्टी बनवतोय. रेघेला रंग देणारे कण सोन्याचे, ४० नॅनोमीटरचे, पीएसए पकडणारी अँटिबॉडी बसवलेले. कंट्रोल रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) ठसठशीत येते. पण पीएसए ४ नॅनोग्रॅम प्रति मिलि असताना टेस्ट रेघ (पीएसए आहे हे दाखवणारी) दिसत नाही, फार वाढवलं की उलट फिकी पडते. कोऱ्या बफरलाही (पीएसए नसलेल्या द्रावणालाही) अधूनमधून पुसट रेघ उमटते. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १: जास्तीला फिकी म्हणजे हुक इफेक्ट. मोकळं पीएसए रेघेवरच्या अँटिबॉडीच्या जागा आधीच अडवतं, मग कणांना चिकटायला काही उरत नाही. तोच नमुना १:१० आणि १:१०० विरल करून चालवा. रेघ गडद झाली की खात्री.

प्रतिसाद २: आधी कोऱ्या बफरची रेघ घालवा, नाहीतर कमी पातळीच्या वाचनाला अर्थ नाही. थोड्या कणांत १० टक्के मिठाचं पाणी घाला. लालाचा निळसर जांभळा झाला तर कणांवर अँटिबॉडी कमी बसलीय. ती वाढवा, मग उरलेल्या मोकळ्या जागा १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाने) ब्लॉक करा. ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) ०.०५ टक्क्यापासून वाढवत न्या, एकदम नको. जास्त झालं की खरी रेघही जाते. संवेदनशीलतेसाठी संथ मेंब्रेन (पट्टीचा पडदा) घ्या: द्रवाला ४ सेंमी जायला ९० ऐवजी १८० सेकंद लागतील असं. प्रवाह हळू, म्हणून बंध जुळायला वेळ मिळतो.

प्रतिसाद ३: थेट रक्त टाकणार असाल तर प्लाझ्मा वेगळा करणारा पॅड लावा, फुटलेल्या पेशींचा लाल रंग रेघ झाकतो. आणि पीएसए प्रोस्टेटच्या नुसत्या सुजेनेही वाढतं. पट्टीवर ‘कॅन्सर’ छापू नका, ‘पुढील तपासणी’ छापा.