प्रति: स्लॅग-स्लॅगमध्ये फरक आहे
"डोलवीच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीची स्लॅग (वितळून थिजलेली मळी) सिमेंटात चालते, मग कोळशाचा गॅस करणाऱ्या गॅसिफायरची का नको?" प्रश्न रास्त, पण माल एक नव्हे. झोतभट्टीच्या स्लॅगमध्ये चुना भरपूर, म्हणून स्लॅग सिमेंटचं भारतीय मानक आयएस ४५५ तिला सिमेंटात ७० टक्क्यांपर्यंत मुभा देतं. कोळशाच्या गॅसिफायरची काचेरी स्लॅग बहुधा सिलिका-अ‍ॅल्युमिनाची, फ्लाय अ‍ॅशच्या (वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या) जातकुळीतली. बारीक दळली नाही तर ती नुसती रेतीच! त्यातही दळायला जाड काळे खडेच घ्या. बारीक गाळात न जळलेला कार्बन राहतो, तो प्लास्टिसायझर (काँक्रीट प्रवाही ठेवणारं रसायन) पिऊन टाकतो आणि साइटवर पोचेपर्यंत स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा सैलपणा, उडालेला असतो. आधी लॉस ऑन इग्निशन (जाळल्यावर घटणारं वजन) तपासा. फ्लाय अ‍ॅशला मर्यादा ५ टक्के आहे.

खाऱ्या हवेत सळ्या वाचवायला दळलेली स्लॅग घातलेलं असं काँक्रीट चांगलं, मात्र पाणी किमान १० दिवस मारायचं. रत्नागिरीच्या सड्यावर मे महिन्यात आठवड्यातच गोणपाट काढलं, तर स्लॅबचा वरचा थर नखाने खरवडला जातो.