हायबीमला हायबीम हे उत्तर नव्हे
रात्री गाडी चालवताना समोरच्याने हायबीम (हेडलाइटचा लांबवर जाणारा वरचा झोत) मारला की आपणही मारायचा, असं काहीजण म्हणतात, त्याला माझा साफ विरोध आहे. एकदा डिपर देऊन (दिवे क्षणभर वर-खाली करून खुणावून) बघा, नाहीच ऐकलं तर सोडून द्या, दोघंही आंधळे होऊन एकमेकांवर येण्यात काय अर्थ आहे? नजर आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि वेग कमी करायचा.

आणि पुष्कळदा समोरचा लो बीमवरच (खालच्या झोतावरच) असतो हो! डिकीत सामान, मागे तीन माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि झोत सरळ डोळ्यात जातो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते ती याचसाठी, आकडा वाढवला की झोत खाली येतो, कित्येकांनी तिला कधी हातच लावलेला नसतो.

हॅलोजन बल्बच्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या चकचकीत वाटीत) एलईडी बल्ब तर कृपा करून बसवू नका, तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या (हॅलोजन बल्बमधल्या उजळणाऱ्या तारेच्या) नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो, ती जागा जरा हलली की उजेड वाटेल तसा विखुरतो, तुम्हाला वाटतं काय झकास दिसतंय आणि समोरच्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

आणि गाडीची समोरची काच आतूनपण पुसत जा, बोटाने रेघ ओढून बघा केवढा तेलकट थर असतो ते, त्यानेही समोरचा झोत जास्त पसरतो.