घडीचा बदक-डिकॉय पालथा पडला की सरळ होत नाही

भोसरी_प्रोटोटाइप
अमेरिकेतल्या ग्राहकासाठी मॅलार्ड बदकाचे तरंगते डिकॉय, म्हणजे शिकारीत खऱ्या बदकांना भुलवायची खोटी बदकं, करतोय. बारा नग एका सॅकमध्ये बसले पाहिजेत. 20 मिमी ईव्हीए फोमचा 40 × 18 सेंमी अंडाकृती तळ, खाचेत बसणारी पाठ-डोक्याची उभी पट्टी, तळाखाली 10 सेंमीवर 150 ग्रॅम वजन. ठेवला तर झकास तरंगतो. फेकला की पालथा पडतो आणि तसाच राहतो. वजन वाढवू का?

फोमकाम
वजन वाढवलंत तर सॅक जड होईल, डिकॉय पालथाच राहील. रुंद सपाट फळी दोन्ही बाजूंनी स्थिर असते, तिच्यापुढे 150 ग्रॅमचं काही चालत नाही.

पट्टीला काटकोनात 9 सेंमी त्रिज्येच्या दोन अर्धगोल फासळ्या घाला, 20 मिमीच्याच. एकेक साधारण 250 घनसेंमी, त्यामुळे पालथ्या अवस्थेत तळ पाण्याबाहेर उचलला जातो आणि डिकॉय गोलाईवर टेकतो. आता वजन गोलाच्या केंद्राच्या वर आहे, म्हणजे कलंडणारच. तळाची रुंदी मात्र 18 वरून 14 सेंमीवर आणा. कडा लवकर पाण्याला लागली तर उलटणं अर्ध्यावर अडकतं. खाच 19 मिमीची कापा. बरोबर 20 ठेवली तर चार वेळा घडी केल्यावर सैल होते.

कोथरूडकर७
फासळ्यांशी सहमत. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवा आणि तळाखाली वजन धरणाऱ्या पात्याला पुढच्या टोकाशी बांधा, म्हणजे तोंड वाऱ्याकडे राहतं. काहींची मागे बांधा. सगळे कवायतीसारखे एकाच दिशेला दिसले तर खोटेपणा लगेच कळतो.

रंग मॅटच हवा, आणि तो ओला करून सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, कारण कोरडा मॅटही भिजला की चकाकतो. तिकडचा मोसम थंडीचा, फोम ताठरतो. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून वीसेक वेळा जोडा-सोडवा. तडा जाणार असेल तर मानेच्या अरुंद भागात जाईल.

भोसरी_प्रोटोटाइप
वजन शिशाचं चालेल? बोहरी आळीत सहज मिळतं. चाचणी भिगवणला, उजनीच्या पाण्यावर करायचा विचार आहे.

फोमकाम
शिसं नको. बदकं खड्यांबरोबर ते गिळतात आणि मरतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत 1991 पासून बंद आहेत. गॅल्व्हनाइज्ड पट्टी वापरा.

आणि भिगवण कशाला? आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद, पट्टकादंबांच्या (हिवाळी पाहुण्या हंसांच्या) थव्यात डिकॉय सोडताना कुणी पाहिलं तर खुलासे देत बसाल. तुम्हाला पक्षी नकोत, लाट हवी. पोहण्याच्या तलावात सोसायटीतली चार पोरं उतरवा.